पेनिसिलिन हाताशी असूनही...

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं आणि न्यूमोनियाची धास्ती ओसरली. न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूवरच्या लशी अमेरिकेत तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. त्यांना कुणी विचारीना, म्हणून त्या बाजारातून गेल्या.

ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयातले डॉ. रॉबर्ट ऑस्ट्रियन मात्र रुग्णांच्या नोंदी तपासत राहिले. रक्तात जिवाणू पसरलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९६४मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या पहिल्या पाच दिवसांतले मृत्यू पेनिसिलिनने जवळपास टळतच नव्हते. औषध जिवाणूंना मारत होतं, पण तोवर शरीराची व्हायची ती हानी होऊन गेलेली असे. अशा रुग्णांना वाचवायचं तर आजारच होऊ देता कामा नये, हे ऑस्ट्रियन यांनी ओळखलं. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांवर नव्या लशीच्या चाचण्या घेतल्या. १९७७मध्ये १४ प्रकारांच्या न्यूमोकोकसवरची लस अमेरिकेत मंजूर झाली, १९८३मध्ये २३ प्रकारांवरची.

एकाच जिवाणूचे इतके प्रकार का? न्यूमोकोकसभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. त्यामुळे तो पांढऱ्या पेशींच्या तावडीतून निसटतो. या आवरणाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यावर सहसा चालत नाहीत. शिवाय नुसती शर्करा टोचली, तर प्रतिकारशक्तीला तिची पक्की आठवण राहत नाही. म्हणून संयुग्मित लशीत ती प्रथिनाला जोडतात. मग टी-पेशीही कामाला लागतात आणि स्मरण टिकतं. नेदरलँड्समध्ये पासष्टी गाठलेल्या सुमारे ८५ हजार जणांवर १३ प्रकारांची अशी लस तपासली गेली. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्के, तर रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचणारा गंभीर संसर्ग ७५ टक्के कमी झाला.

भारतात बाळांना संयुग्मित लस सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी लस बनवली आहे. प्रौढांना मात्र सहसा पदरमोड करावी लागते. पासष्टीपुढच्यांनी, तसंच मधुमेह, हृदय, फुप्फुस वा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी, पांथरी काढलेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी आपल्याला कोणती लस योग्य, हे डॉक्टरांना विचारावं. आईवडिलांची साखर आणि रक्तदाब आपण नेमाने तपासतो. पुढच्या तपासणीला जाताना या लशीचीही चौकशी करा.