नवी एअर रायफल आणि कुवेतचा उन्हाळा

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. त्या प्रकारातील लक्ष्याचा मध्यबिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इतकी अचूकता साधणारे साधन हाती आल्यावर त्याची जुळणी आणि निगा समजून घेणे आवश्यक ठरते. मीना अल-अहमदीसारख्या ठिकाणी तर ते अधिकच आवश्यक आहे.

स्पर्धेच्या आधुनिक एअर रायफलमधील हवेचा सिलिंडर साधारणतः २०० बार दाबापर्यंत भरला जातो. तेलशुद्धीकरण कारखान्यातील अभियंत्याला हे दाबपात्र नवे नाही. २५ अंश सेल्सियसला २०० बार भरलेला सिलिंडर बंद मोटारीत ६५ अंशांपर्यंत तापला, तर आतील दाब सुमारे २२७ बार होतो. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबा येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून रायफल वा सुटा सिलिंडर मोटारीत ठेवू नये.

नवी रायफल हाती येताच सिलिंडरवरील वैधतेची तारीख पाहावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. तो सावकाश आणि कोरड्या, गाळलेल्या हवेनेच भरावा. ऑक्सिजन कधीही भरू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो. त्याच कारणाने भरण्याच्या जोडणीला साधे खनिज तेल लावू नये. उत्पादकाने सांगितलेले वंगणच वापरावे.

पहिल्या वापरापूर्वी नळीतील संरक्षक तेल फेल्टच्या गोळ्यांनी पुसून काढावे. नंतर रायफल आधारावर टेकवून १० मीटरवरून पाच-पाच छर्रे मारावेत. एकाच मापाच्या वेगवेगळ्या छर्‍यांपैकी ज्यांचे वेध सर्वांत जवळजवळ पडतील, ते निवडावेत. नेमदर्शक त्यानंतरच जुळवावा. वेध विखुरलेले असताना तो फिरवणे व्यर्थ होय.

किनाऱ्यावरील दमट, खारट हवा पोलादाला गंज आणते, तर वाळूचे कण झडपेची सील झिजवतात. वापरानंतर बाहेरील धातू कोरड्या फडक्याने पुसून त्यावर तेलाचा पातळ थर द्यावा, भरण्याच्या तोंडाला झाकण लावावे आणि सिलिंडरमध्ये थोडा दाब राहू द्यावा. पूर्ण रिकाम्या सिलिंडरमध्ये ओलावा व धूळ सहज शिरते. झडप वा ट्रिगरची यंत्रणा घरी उघडू नये.

कायद्याचे भानही हवेच. भारतात ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवान्यातून सूट आहे. ही सूट कुवेतमध्ये लागू होत नाही. खरेदी वा आयातीपूर्वी गृह मंत्रालयाकडून स्थानिक नियमांची खात्री करून घ्यावी. मायदेशी नेताना विमान कंपनी आणि सीमाशुल्क विभाग यांना आधी कळवावे. घरात रायफल रिकामी व कुलूपबंद असावी, आणि छर्रे वेगळ्या कपाटात.