ओट्याची कड कोण घासतं?

फ्लॅटचं पझेशन मिळालं की माझ्या मित्रमंडळींचे चार रविवार ग्रॅनाइटचा रंग निवडण्यात जातात. फिनिशचा विचार? शून्य! मी म्हणते, आधी वापर बघा. ओट्याला मिरर पॉलिश बेस्ट, पुसायला सोपं. बाथरूमच्या फरशीला मात्र तेच पॉलिश म्हणजे घसरगुंडी. तिथे मॅट किंवा फ्लेम फिनिश घ्या. लिंबू-टोमॅटो चिरायच्या जागी मार्बल नकोच. आंबटाने त्याची चमक जाते आणि तो डाग पुसून निघत नाही.

कडेचंही तसंच. टोकदार कडेचे टवके लवकर उडतात. हाफ राउंड टिकते, कंबरेलाही कमी लागते.

पण ही गोलाई ग्राइंडरने येते, बॉस! कोरडं घासलं की खोलीभर धूळ. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षं ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होऊ शकतो, आणि तो बरा होत नाही. कारागिराने तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही.

म्हणून कोटेशन मागताना मी पहिला प्रश्न विचारते, ‘कड कारखान्यात, पाणी सोडून घासणार ना?’ थोडे पैसे जास्त पडले तर द्या. आपला ओटा चमकवताना दुसऱ्याचा दम का कोंडावा?