कूष्मांडाचा गोठवलेला गर आणि ‘सदैव आर्द्र’चा नियम

वैशाख उजाडला की घोळणा फुटलेली मुले आणि हातापायांच्या आगीने बेजार झालेली मंडळी चिकित्सालयाच्या दारात दिसू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास औषधालयातील कूष्मांडावलेहाची बरणी तळाला गेलेली असते. आमच्या भागात पक्व कोहळा मुबलक मिळतो तो आश्विन-कार्तिकात. उन्हाळ्यात बाजारात दिसतात ती बहुधा कोवळी, अंगावर लव असलेली फळे. सुश्रुताचार्यांनी बाल, मध्य आणि पक्व कूष्मांडाचे गुण निरनिराळे सांगितले आहेत. मध्यम फळ त्यांच्या मते कफकर, तर पक्व फळ लघु, दीपन व बस्तिशोधन. तेव्हा मिळेल तो कोहळा कढईत घालून चालत नाही. यावर उपाय म्हणून हंगामात कोहळ्याचा गर काढून डीप फ्रीझरमध्ये ठेवण्याची पद्धत अनेक लहान औषधालयांनी स्वीकारली आहे. आम्हीही स्वीकारली, आणि त्यात एकदा चांगलेच पोळून निघालो. त्या अनुभवाच्या आधारे काही विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडत आहे.

प्रथम शास्त्रीय आक्षेप पाहू. ओले द्रव्य कोरड्याच्या दुप्पट घ्यावे हा सर्वसामान्य नियम असला, तरी गुडूची, कुटज, वासा, शतावरी, अश्वगंधा इत्यादी काही द्रव्ये सदैव आर्द्रच वापरावीत व ती दुप्पट घेऊ नयेत, असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. त्या यादीत कूष्मांडही आहे. मग चार-सहा महिने गोठवून ठेवलेल्या गराला ‘आर्द्र’ म्हणावयाचे काय? आमच्या मते म्हणावे, पण एका अटीवर. गोठवण्याने द्रव्य शुष्क होत नाही, त्यातील जल केवळ घनरूप होते. मात्र कोहळ्यात ९५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ते सावकाश गोठले की बर्फाचे मोठे स्फटिक तयार होऊन पेशींची आवरणे फाटतात, आणि गर वितळताना ते पाणी गरापासून वेगळे होऊन पातेल्याच्या तळाशी साचते. पुष्कळ ठिकाणी ते मोरीत ओतले जाते. ज्या रसासाठी आर्द्र द्रव्याचा आग्रह धरला, तोच टाकून द्यायचा आणि उरलेल्या चोथ्याला आर्द्र म्हणायचे, याला अर्थ नाही.

येथे मूळ पाठच आपल्या मदतीला येतो. कूष्मांडावलेहाच्या विधीत सोललेला, बिया काढलेला कोहळा आधी पाण्यात शिजवावा, फडक्यातून पिळून त्याचे पाणी राखून ठेवावे, गर थोडा सुकवून तुपात मधासारखा रंग येईपर्यंत परतावा आणि राखलेले पाणी खडीसाखरेच्या पाकात वापरावे, असा क्रम आहे. आधुनिक शीतसाठवणीत भाजी गोठवण्यापूर्वी वाफवून घेतात, कारण फळातील विकरे कमी तापमानातही हळूहळू आपले काम करीत राहतात व त्यामुळे वास आणि रंग बिघडतो. आपल्या पाठातील स्वेदनाने हे कार्य आपोआप साधते. म्हणून गर गोठवायचा तो कच्चा किसून नव्हे, तर शिजवून व पिळून झाल्यावर, तुपात परतण्यापूर्वी. पिळलेले पाणी वेगळ्या डब्यात, पण त्याच घाण्याची खूण करून गोठवावे. डबा काठोकाठ भरू नये, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. पहिल्या वर्षी शिजवलेला गर न पिळता मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून गोठवला. चैत्रात डबा बाहेर काढला, तर दुसऱ्या दिवशीही मधला गोळा दगडासारखा घट्ट आणि कडेचा गर मात्र कोमट झालेला. घाई होती, सगळा गर तसाच तुपात टाकला. आतला बर्फ वितळत राहिला आणि गर परतला जाण्याऐवजी तुपात उकडत राहिला. मधासारखा रंग आलाच नाही. तरीही ‘या खेपेचा कोहळाच फिकट’ अशी स्वतःची समजूत घालून पाक पुरा केला. सहा आठवड्यांनी रक्तपित्ताच्या एका वृद्ध रुग्णाने बरणी परत आणली. वर पांढरी बुरशी होती. त्या घाण्याच्या सर्व बरण्या रुग्णांच्या घरोघर जाऊन परत घ्याव्या लागल्या. दोष फ्रीझरचा नव्हता. पाकपरीक्षेचे लक्षण डोळ्यांसमोर असताना ते आम्ही मानले नाही.

तेव्हापासून गर जाड पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून, आतील हवा काढून, सुमारे एक इंच जाडीच्या चपट्या पाट्या करून ठेवतो. चपटी पाटी लवकर गोठते, त्यामुळे स्फटिक लहान राहतात, आणि ती वितळतेही एकसारखी. वितळवणे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर, ओट्यावर नाही. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नये, त्याच दिवशी कढईत घालावा. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवे. घरगुती फ्रिजचा वारंवार उघडला जाणारा बर्फाचा कप्पा या कामास पुरेल, असा भरवसा धरता येत नाही.

वजनाच्या बाबतीत तर विशेष जपावे लागते. पाठात सांगितलेले १०० पल, म्हणजे आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या मानाने ४.८ किलो, हे सोललेल्या व बिया काढलेल्या कोहळ्याचे आहे. पिळलेला गर ४.८ किलो मोजून घेतला, तर प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक कोहळा घाण्यात जातो आणि साखर त्या मानाने उणी पडते. साखर उणी पडली की अवलेह टिकत नाही. म्हणून कच्च्या गराचे वजन शिजवण्यापूर्वीच करावे, एका घाण्याचा गर एकत्र बांधावा आणि वर दिनांक, कच्चे वजन व घाणा क्रमांक लिहावा. शेड्यूल टीच्या नोंदवहीसाठीही हीच नोंद उपयोगी पडते.

वीजपुरवठ्याची काळजी ग्रामीण भागात अधिक. भरलेला डीप फ्रीझर न उघडता ठेवल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो. अर्धा रिकामा असेल तर निम्माच वेळ. आपल्या पश्चात वीज किती वेळ गेली होती हे कळण्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. नाणे तळाशी गेलेले दिसले, तर वरून गर कितीही घट्ट दिसो, तो टाकून द्यावा.

काहीजण फ्रीझरचा खर्च टाळण्यासाठी उकळता गर बाटल्यांत भरून बूच लावून ठेवतात. हे सर्वथा त्याज्य समजावे. कोहळ्याच्या गरात आम्लता अत्यल्प असते आणि बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. हवाबंद बाटलीत त्यांना वाढीस जागाच मिळते, आणि विष तयार झाले तरी वास वा रंग बदलेलच असे नाही.

तरीही आमची पहिली पसंती अखंड फळालाच आहे. देठासह काढलेला, अंगावर पांढरी राख धरलेला जून कोहळा कोरड्या, हवेशीर माळ्यावर कित्येक महिने टिकतो. कोकणातल्या जुन्या घरांतून तो वाशाला टांगलेला आपण पाहिला आहे. जागा असेल त्याने फळे एकमेकांना न टेकवता ठेवावीत, आठवड्याला तपासावीत आणि मऊ पडू लागलेल्या फळाचाच गर गोठवावा. स्वरसासाठी मात्र गोठवलेला गर आम्ही वापरत नाही. अवलेहात अग्नी व घृताचा संस्कार होतो, तसा तेथे होत नाही.

लाल भोपळ्याच्या गराबद्दलही विचारणा होते. पथ्याच्या सारासाठी किंवा घारग्यांसाठी तो याच रीतीने वाफवून गोठवता येतो. त्यात पाणी कोहळ्याहून कमी असल्याने तो पिळावा लागत नाही. पण हे फळ मूळचे अमेरिका खंडातील असून कूष्मांड नव्हे. कोहळा संपला म्हणून अवलेहात त्याची भर घालू नये, असे आमचे मत आहे.