ऑन वेन्लॉक एज
ऑन वेन्लॉक एज : सहा गीतांची इंग्रजी चेंबर संगीतरचना (१९०९). टेनर आवाज, पियानो व चार तंतुवाद्ये (दोन व्हायोलिने, व्हायोला व चेलो) यांच्यासाठी रॅल्फ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) याने ती रचली. गीते ए. ई. हाउसमन (१८५९–१९३६) याच्या अ श्रॉपशर लॅड (१८९६) या काव्यसंग्रहातील आहेत. वेन्लॉक एज ही पश्चिम इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील चुनखडीची डोंगरधार होय.

हाउसमन शेजारच्या वुस्टरशर परगण्याचा. श्रॉपशरच्या टेकड्या त्याने बालपणी पश्चिम क्षितिजावर पाहिल्या व बरीचशी कविता लंडनमध्ये लिहिली. त्यामुळे तिच्यातील प्रदेश मुख्यतः स्मरणातला आहे. या स्मरणाला संगीताने नादरूप दिले. पॅरिसमध्ये मॉरिस राव्हेलकडे घेतलेल्या शिक्षणाचा (१९०७-०८) प्रभाव वाद्ययोजनेत जाणवतो. पहिल्या गीतात कंपित स्वरांतून रानातील वादळ उभे राहते. ‘ब्रीडन हिल’ मध्ये चर्चच्या घंटांचा उन्हाळी निनाद अखेरीस प्रेयसीच्या अंत्ययात्रेच्या एकाकी ठोक्यांत विरतो.

‘इज माय टीम प्लाउइंग’ हा मृत व जिवंत मित्रांचा संवाद. त्यातील फुटबॉलविषयक दोन कडवी व्हॉन विल्यम्सने गाळली, तेव्हा हाउसमन नाराज झाला. अर्थ बदलत नसेल, तर कवितेचा कोणताही अंश निवडण्याचा हक्क संगीतकारास आहे, असे व्हॉन विल्यम्सचे मत होते. तथापि गाळलेल्या कडव्यांत गावच्या नित्य जीवनाचे चित्र होते. ते वगळल्याने शोक गडद झाला, पण कवितेतील उपरोध काहीसा फिका पडला. पुढे व्हॉन विल्यम्सने या रचनेचे वाद्यवृंदासाठीही रूपांतर केले.