एक रात्र, गाणाऱ्या साऱ्यांसाठी

मंडळी, तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच. पखवाज, पेटी, टाळ सगळं असेल. पण खरं सांगा, गेल्या वर्षभरात नवा गळा किती वेळा ऐकलात? तेच पाच-सहा बुवा गाणार आणि बाकीचा गाव भिंतीला टेकून माना डोलावणार. गाणारे कमी नसतात हो. त्यांना ‘या, बसा, म्हणा’ म्हणणारं कुणी नसतं.

म्हणून महिन्यातून एक रात्र सर्वांसाठी मोकळी ठेवा. पौर्णिमा बरी. दिवस लक्षात राहतो, घरी जाताना उजेडही असतो.

पहिली गोष्ट जागेची. देवळात बसायला गावातल्या कुणाला संकोच वाटत असेल, तर शाळेचा व्हरांडा धरा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची भीमगीतं गावोगाव गायली जातात. ती म्हणणारा पोरगा आणि हरिपाठ म्हणणारे आजोबा एकाच सतरंजीवर बसले पाहिजेत.

दुसरं, कर्णा नको. वीस-पंचवीस माणसांना उघडा गळा पुरतो. गाणाऱ्याच्या पाठीशी भिंत असू द्या, आवाज पुढं येतो. दहाच्या आत आटपा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्यं वाजवण्यावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचं बंधन आहे. शिवाय पहाटे धारा काढायच्या असतात.

तिसरी गोष्ट पट्टीची. नवखा माणूस अडतो तो इथंच. बुवांची पट्टी बहुधा काळी एक किंवा दोन. बायकांना साधारण काळी चार-पाच लागते. सूर जुळला नाही की बाई गप्प बसते, पुन्हा येत नाही. तेव्हा पेटीवाल्यानं आधी दोन ओळी नुसत्या म्हणू द्याव्यात, मग सूर धरावा. पखवाज दर वेळी मिळवत बसायला वेळ जातो. अशा गाण्याला टाळ पुरेत, तेही हलक्या हातानं.

पाटीवर खडूनं नावं लिहा. प्रत्येकाला एकच गाणं. नवख्याला अगदी पहिला बसवू नका, दोघं-तिघं झाल्यावर बोलवा. गाताना मध्येच चूक दाखवायची नाही. बुवांची पाळी शेवटी.

आणि आजीबाईंना विसरू नका. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी मनातच राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तुमच्या गावातल्या त्यात असतीलच असं नाही. दळताना ओवी बऱ्याचदा दोघी मिळून म्हणायच्या, म्हणून दोघींना शेजारी बसवा. एकीनं सुरू केली की दुसरीला आपसूक आठवते.

खर्च म्हणाल तर चहा-साखरेचा. पण म्हातारं माणूस गेलं की त्याच्याबरोबर गाणंही जातं, आणि ते कुठल्या बाजारात विकत मिळत नाही. तेव्हा येती पौर्णिमा वाया घालवू नका.