रबराचा हलता हिशेब

रबराचा पट्टा ताणून सोडला की तो मूळ लांबीवर येतो, पण ताणताना खर्चलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. परत मिळणाऱ्या ऊर्जेचे माप म्हणजे साठवण गुणांक, गमावलेल्या ऊर्जेचे माप म्हणजे ऱ्हास गुणांक. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ‘टॅन डेल्टा’ निघतो. नख दाबून कळतो तो नुसता कडकपणा; हा आकडा रबर हलवल्याशिवाय हाती लागत नाही.

त्यासाठी रबराची छोटी पट्टी चिमट्यांत धरून, समजा, सेकंदाला १० वेळा किंचित ताणतात आणि सोडतात. भोवतीची पेटी आधी शून्याखाली पुष्कळ गार करून मग हळूहळू तापवत नेतात. सुरुवातीला पट्टी काचेसारखी ताठ असते. ती मऊ पडू लागते तिथे टॅन डेल्टाचा आलेख एकदम उसळतो. स्टायरीन-ब्युटाडाईन या कृत्रिम रबरात स्टायरीन वाढवले की हे शिखर वरच्या तापमानाकडे सरकते.

टायरवाल्यांचे सगळे कसब इथेच. नांदेड-लातूर रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या कारच्या टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला ११-१२ वेळा दबतो. ६० अंशांजवळ टॅन डेल्टा जास्त असेल तर टायर तापतो, इंधनही जास्त जाते. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. पावसात ब्रेक दाबल्यावर मात्र खडीच्या टोकांवर रबर सेकंदाला हजारो वेळा थरथरते. इतक्या वेगात ते गारठल्यासारखे वागते, म्हणून ओल्या रस्त्यावरची पकड प्रयोगशाळेत शून्य अंशाजवळ जोखतात. तिथे टॅन डेल्टा जास्तच हवा. सिलिका मिसळून कारच्या टायरमध्ये हे दोन्ही बरेचसे साधते. बस-ट्रकच्या जड टायरांत कमी तापणारे नैसर्गिक रबरच अजून वरचढ आहे.

भूकंपात मात्र इमारतीच्या पायाखाली बसवलेल्या रबरी आधारांनी ऊर्जा खाल्लेलीच बरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या. तसल्या घरांना असे आधार परवडणारे नव्हेत. ते रुग्णालयासारख्या इमारतींसाठी. २००१ च्या भूकंपानंतर भुजचे रुग्णालय रबर-पोलादाच्या थरांवर उभारले, त्यात ऊर्जा जिरवायला शिशाचा गाभा आहे. शिसे नको असेल तर रबरात भरपूर काजळी घालतात. असे रबर थोड्या हालचालीला कडक, मोठ्या हालचालीला मऊ असते. म्हणून पट्टीवरची चाचणी इथे पुरत नाही. अख्खा आधार इमारतीच्या वजनाखाली दाबून, रबराच्या एकूण जाडीइतका किंवा जास्त आडवा सरकवून तपासावा लागतो.