पॅरिसमध्ये बसून लिहिलेलं हार्लेम

जॅक्सन हा न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला साधाभोळा नोकरदार. आयुष्यभराची पुंजी, दीड हजार डॉलर, तो दहा-दहाच्या नोटांत घेऊन येतो. एक भामटा त्या नोटा खास कागदात गुंडाळून ओव्हनमध्ये सरकवतो. भाजून निघाल्या की म्हणे दहाच्या शंभर होणार! तेवढ्यात ओव्हनचा स्फोट होतो, खोलीभर धूर होतो आणि पैशांसकट सगळे पसार. चेस्टर हाइम्सच्या ‘फॉर लव्ह ऑफ इमाबेल’ या कादंबरीची ही सुरुवात. वाचताना आधी हसू फुटतं, मग जॅक्सनची कणव येते, आणि पुढे रक्त इतकं सांडतं की हसल्याची लाज वाटते. ही किमया हाइम्सला उशिरा, चाळिशी उलटल्यावर आणि मायदेश सोडल्यावर साधली.

त्याचा जन्म १९०९चा, मिझुरी राज्यातला. वडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत हस्तव्यवसाय शिकवत. शाळेच्या एका कार्यक्रमात चेस्टर आणि त्याचा भाऊ जोसेफ स्फोटक रसायनांचा प्रयोग करून दाखवणार होते. खोडी काढली म्हणून आईने चेस्टरला बसवून ठेवलं. जोसेफने एकट्याने मिश्रण केलं, ते तोंडावर उडालं आणि त्याचे डोळे गेले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्या मुलाला दारातूनच परत पाठवलं. जोसेफ पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाला. चेस्टरच्या मनातून मात्र ते दार कधी गेलं नाही.

विद्यापीठातून हकालपट्टी, जुगाराचे अड्डे आणि १९२८ मध्ये सशस्त्र दरोडा. शिक्षा झाली वीस ते पंचवीस वर्षं सक्तमजुरीची. वय अवघं एकोणीस! ओहायोच्या त्या तुरुंगात १९३० मध्ये आग लागली आणि तीनशेहून अधिक कैदी दगावले, कित्येक कुलूपबंद कोठड्यांतच. हाइम्स तिथेच लिहायला लागला. त्या आगीवरची त्याची कथा १९३४ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने छापली, तेव्हा तो अजून कैदीच होता. सुटका झाली १९३६ मध्ये.

‘इफ ही हॉलर्स लेट हिम गो’ ही १९४५ची कादंबरी युद्धकाळातल्या लॉस एंजेलिसच्या जहाजबांधणी कारखान्यातला वर्णद्वेष उघडा करते. दोन वर्षांनी आलेल्या ‘लोनली क्रुसेड’वर मात्र सगळेच तुटून पडले, डावेसुद्धा. १९५३ मध्ये त्याने पॅरिस गाठलं. कृष्णवर्णीय अमेरिकी कादंबरीकार रिचर्ड राइट तिथे आधीच होता. कॅफे तूर्नोंमध्ये कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची बैठक जमे. पण हाइम्सच्या खिशात पैसा नव्हता आणि फ्रेंच त्याला कधी धड जमलं नाही.

तिथे भेटला मार्सेल द्युआमेल, गालिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या गुन्हेकथामालेचा संपादक. त्याने हाइम्सला रहस्यकथा लिहायला लावलं आणि कानमंत्र दिला: मनातले विचार नकोत, कृती दाखव, माणसांना बोलू दे. त्यातून जन्मले कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स हे दोन कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह. ‘इमाबेल’च्या फ्रेंच आवृत्तीला १९५८ मध्ये फ्रान्सचा मानाचा रहस्यकथा पुरस्कार मिळाला. अमेरिकेत तीच कादंबरी स्वस्त पेपरबॅक म्हणून खपत होती.

हाइम्सने पोटासाठी हलकं लिहिलं, असं कुणी म्हटलं की मला ते मुळीच पटत नाही. गंभीर कादंबऱ्यांत तो संताप समजावून सांगत होता. इथे समजावणं संपलं. ‘कॉटन कम्स टु हार्लेम’मध्ये ८७ गरीब कुटुंबं आफ्रिकेला परतण्याच्या आशेने प्रत्येकी हजार डॉलर एका भोंदू धर्मोपदेशकाकडे भरतात आणि ती रक्कम कापसाच्या गासडीतून गल्लोगल्ली फिरते. ज्या कापसापायी त्यांचे पूर्वज गुलाम झाले, तोच कापूस! यावर भाष्य करायची लेखकाला गरजच पडत नाही. ते दोन डिटेक्टिव्हही निर्मळ नायक नाहीत. गोऱ्यांच्या पोलिसदलात राहून आपल्याच वस्तीला ते बडवतात, आणि त्या लोकांचे पैसे परत मिळावेत म्हणून कायदाही वाकवतात.

१९७० मध्ये ऑसी डेव्हिसने या कादंबरीवर काढलेला चित्रपट जोरात चालला. हाइम्स तोवर स्पेनमधल्या मोराइरा गावी स्थिरावला होता; १९८४ मध्ये तिथेच वारला. मालिकेतली ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’ १९६९ मध्ये आली. तिच्यात गुन्ह्यांचा छडाच लागत नाही. दंगली पेटतात, वरिष्ठ तपास अडवतात आणि दोघा डिटेक्टिव्हांच्या हाती काही उरत नाही. हाइम्स वाचायचा तर ‘इमाबेल’पासून सुरुवात करावी, पण या पुस्तकापर्यंत पोचल्याशिवाय थांबू नये.